लोणावळ्याला मेमरी चाखायला

लोणावळ्याला लोक हवा खायला जातात. मी मात्र चादरीत गुंडाळलेला डेस्कटॉप कॉम्प्युटर घेऊन निघाले होते. साताऱ्याहून पुण्यापर्यंत एसटीत तो माझ्या मांडीवर होता. पुण्याहून लोकलमध्ये शेजारच्या बाईंनी त्याला चक्क खिडकीची जागा दिली.

"टीव्ही का हो?" त्यांनी विचारलं.

"कॉम्प्युटर. त्याला मेमरी घ्यायची आहे."

"मग मेमरी घरी आणायची सोडून यालाच घेऊन निघालात?"

प्रश्न अगदी रास्त होता. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, आणि मी दर हिवाळ्यात लोहगड चढायचो. मागच्या वर्षी तो स्कूटरवरून पडला आणि गुडघा असा मोडला की डॉक्टरांनी गड कायमचे बंद केले. तेव्हापासून घर डोक्यावर घेणारा हा माणूस गप्प बसून असतो, आणि ते मला बघवत नाही. म्हणून आमच्याकडचे लोहगडाचे सगळे फोटो जोडून मी कॉम्प्युटरवर अख्खा गड उभा करायला घेतला, खुर्चीत बसून माउसनं चढता येईल असा. पायऱ्या झाल्या, तीन दरवाजे झाले, आणि शेवटच्या महादरवाज्यापाशी मेमरी अपुरी पडून कॉम्प्युटरनं मान टाकली. कितीदा केलं तरी तिथंच. दादा रोज फोन करून विचारायचा, "कुठवर आलं?" आणि मी रोज सांगायचे, "दारात."

नवी मेमरी घ्यावी, तर सध्या तिचे भाव ऐकून माणूस दुकानातून आल्या पावली परततो. अशात मोबाईलवर लोणावळ्याच्या इक्बालभाईंची जाहिरात दिसली. बत्तीस-बत्तीस जीबीच्या दोन पट्ट्या, जवळपास निम्म्या भावात! मी हरखलेच, आणि लगेच मनात पालही चुकचुकली. वस्तू स्वस्त का आहे हे कळल्याशिवाय मी कोथिंबिरीची जुडीसुद्धा उचलत नाही. फोन केला तर इक्बालभाई म्हणाले, "ताई, तुमचा कॉम्प्युटर घेऊनच या. चाखल्याशिवाय आम्ही माल देत नाही."

दुकान बघितल्यावर त्याचा उलगडा झाला. बाजारात त्यांच्या भावाचं चिक्कीचं दुकान आणि यांचं कॉम्प्युटरचं, मधे नुसतं एक काचेचं कपाट. घराण्याचा धंदा चिक्कीचा. गिऱ्हाइकाच्या हातावर तुकडा ठेवल्याशिवाय किमतीची गोष्ट काढायची नाही, ही त्यांची रीत. इक्बालभाईंनी ती मेमरीलाही लावली होती. पट्टी गिऱ्हाइकाच्याच कॉम्प्युटरमध्ये बसवायची, तपासणी लावायची, आणि मगच पैशांचं बोलायचं. मी टेकले तोवर माझ्याही हातावर शेंगदाण्याची चिक्की आली, कढईतून नुकतीच काढलेली, कोमट.

"स्वस्त का?" मी चघळत विचारलं.

"तळेगावच्या एका ऑफिसनं सगळे डेस्कटॉप काढून लॅपटॉप घेतले. त्यातली आहे. खोकं नाही, कंपनीची गॅरंटी नाही. म्हणून स्वस्त."

सरळ उत्तर होतं. मग मी कामाला लागले. दोन्ही पट्ट्या एकाच जोडीतल्या आहेत का? होत्या. वेग सारखा? सारखा. माझ्या जुन्या मदरबोर्डाला चालणारी जात? तीच. कुठं डागडुजीची खूण? नाही. लग्नाचं स्थळ बघावं तसं उलटसुलट बघून झालं. बसवताना तर इक्बालभाईंनाही मी हात लावू दिला नाही. माझा कॉम्प्युटर, मीच बसवणार!

तपासणी सुरू झाली. पडदा निळा झाला आणि आकडे धावायला लागले.

"संध्याकाळ होईल," इक्बालभाई म्हणाले. "तोवर तुमच्या गडाच्या पायथ्याला, लोहगडवाडीला जाऊन या."

मला तेच तर हवं होतं. रिक्षा केली. मळवली मागं पडलं, भाजे मागं पडलं, आणि घाटाच्या वळणांवर रिक्षा कण्हत चढायला लागली. गवत पिकून पिवळं झालं होतं. एका वळणावर विसापूर आणि लोहगड एकदम समोर आले आणि मी रिक्षात एकटीच ओरडले, "आला!" रिक्षावाल्यानं दचकून ब्रेक मारला.

वाडीत आमच्या नेहमीच्या मावशींच्या टपरीवर पिठलं-भाकरी मागवली. मावशींनी ओळखलं.

"तुमच्या संगं त्ये मोठ्यानं हसणारं भाऊ यायचं, त्ये कुटं हायेत?"

मी गुडघ्याचं सांगितलं. त्यांचा हात भाकरीवर तसाच थांबला.

"मंग आता न्हाईच यायचे व्हय वर?"

मी कॉम्प्युटरातल्या गडाचं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "त्यात माजं हाटेल बी घाला. त्यास्नी उपाशी नगा चढवू. आन् भाकरीसंगं कोरड्यास लय तिखट असतंय म्हणून ताक बी ठिवा." मी तिथल्या तिथं टपरीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले. मोबाईलला रेंज नव्हती, लोणावळ्यात काय चाललंय कळायला मार्ग नव्हता. भाकरी गोड लागत होती, तरी मी दर घासाला मोबाईल बघत होते.

परत आले तर इक्बालभाई तोंड पाडून उभे. निळ्या पडद्यावर लाल ओळी उमटल्या होत्या.

"एक पट्टी खराब निघाली, ताई. चांगलीचे पैसे द्या, ही तशीच घेऊन जा. चालली तर चालली."

एका पट्टीवर गड पुरा होणार नव्हता, आणि चुका करणारी पट्टी लावली तर बुरूज कुठं आणि तट कुठं, याचा भरवसा नाही. दादाला काय सांगू? उगाच आशेनं मी ती पट्टी काढून उजेडात धरली. तिच्या कडेच्या, खाचेत बसणाऱ्या सोनेरी दातांवर काहीतरी चकाकत होतं. नखानं खरवडलं. चिकट! नाकाशी नेलं, तर गुळाचा वास.

चिक्की खाऊन हात न धुता मी ती पट्टी बसवली होती!

क्षणभर मनात आलं, गप्प बसावं. फुकट मिळतेय, घरी जाऊन पुसावी. पण इक्बालभाईंचा पडलेला चेहरा बघवेना. "माल चोख आहे," मी म्हणाले, "माझेच हात बरबटलेले होते." ते आधी पट्टीकडे, मग माझ्या बोटांकडे बघत राहिले, आणि एवढ्या जोरात हसले की चिक्कीवाले भाऊ धावत आले. स्पिरिटच्या बोळ्यानं दात पुसले, हात साबणानं धुतले, तपासणी पुन्हा लावली. यावेळी चिक्की आली ती दुसऱ्या टोकाच्या बाकावर, आणि मी तिथून हलायचं नाही असं ठरलं. रात्री वाढत्या थंडीत पडदा हिरवा झाला तेव्हा आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या. ठरलेले पैसे दिले आणि मुक्कामाला शेजारचं लॉज गाठलं.

घेण्यासारखी होती का ही मेमरी? मला कुणी विचारलं तर मी बिनदिक्कत हो म्हणेन. स्वस्ताईचं कारण खरं निघालं आणि माल डोळ्यांदेखत तपासला गेला, एवढं पुरे. पण खरा हिशेब साताऱ्याला परतल्यावर झाला.

कॉम्प्युटरनं रात्रभर काम करून गड पुरा केला. सकाळी दादाला घरी बोलावून खुर्चीत बसवलं आणि माउस त्याच्या हातात दिला. तो एकेक पायरी चढत गेला. मावशींची टपरी, पहिला दरवाजा, दुसरा, तिसरा, मग महादरवाजा ओलांडून वरचं मोकळं पठार. पलीकडे विंचूकाट्याची लांबलचक सोंड, खाली पवना धरणाचं पाणी. दादानं माउस सोडला आणि खुर्चीचे हात घट्ट धरले. डोळे भरून आले होते.

"काय झालं रे?" मी घाबरून विचारलं.

"थांब सुमे," तो म्हणाला. "जरा बसू दे. दम लागलाय."