ताईंना मराठी येत नाही

नाशकात मराठी न येणारी माणसं आता पुष्कळ झाली आहेत, पण मराठी न येण्यासाठी माझ्या नणंदेइतके कष्ट कोणी घेतले असतील असं मला वाटत नाही. ताई जन्मल्या नामपूरला. आईशी, म्हणजे माझ्या सासूबाईंशी, अहिराणी, आमच्याशी मराठी, आणि दोन्ही अशा धबधब्यासारख्या की समोरच्याने नुसतं हो हो करत बसावं. मात्र मखमलाबादच्या बाजूला ज्या शाळेत त्या इंग्रजी शिकवायच्या, तिच्या अलीकडचा चौक आला की त्यांना मराठीचं अक्षर कळेनासं होई.

सुरुवात म्हणे पहिल्याच दिवशी झाली. पाचवीतल्या एका पोराने विचारलं, "मॅडम, पाणी पिऊन येऊ?" ताईंनी त्याच्याकडे अत्यंत प्रेमाने आणि काहीही न कळल्यासारखं पाहिलं. त्याने पुन्हा विचारलं, मोठ्याने. ताई तशाच. शेवटी अंगठा तोंडाकडे नेत तो म्हणाला, "मॅडम, वॉटर, गो?" तेव्हा कुठे ताईंचा चेहरा उजळला. "ओह, यू वॉन्ट टु ड्रिंक वॉटर? गो, गो!" मला मराठी येत नाही असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत, खोटं बोलणं त्यांच्या स्वभावातच नाही. पोरांनीच आपसात ठरवून त्यांना केरळच्या करून टाकलं.

"पण ताई, हा उपद्व्याप कशाला?" मी एकदा विचारलं. ताई मटार सोलत होत्या. म्हणाल्या, "अगं, मी नामपूरहून इथल्या कॉलेजात आले तेव्हा मला इंग्रजी सगळं यायचं. लिहिण्यात पहिली. पण कॉलेज संपेपर्यंत तोंड उघडलं नाही. बोलणार कोणाशी? सगळ्यांना मराठी येत होतं ना. या पोरांना एक तरी माणूस असं हवं, ज्याच्याशी इंग्रजीवाचून गत्यंतरच नाही. ज्या दिवशी त्यांना कळेल की मला मराठी येतं, त्या दिवशी सगळं संपलं बघ." आणि माझ्यापुढे शेंगा सरकवून म्हणाल्या, "सोल की, नुसती काय ऐकतेस."

वर्गातल्या सवयी घरी यायच्याच. प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत थांबायचं, पोराला मधेच शब्द पुरवायचा नाही, असा त्यांचा नियम. त्यामुळे आमच्याकडे आल्यावर "काय गं, कशी आहेस?" असं विचारून त्या खरोखरच उत्तराची वाट बघत बसतात. "बरी आहे" म्हणून सुटका होत नाही. चुकलेल्याला चूक म्हणायचं नाही, त्याचंच वाक्य नीट करून त्याला परत द्यायचं, हा दुसरा नियम. भाऊजी, म्हणजे त्यांचे यजमान, "आमटी खारट" म्हणाले की ताई प्रसन्नपणे म्हणतात, "अच्छा, आज तुम्हाला आमटी जरा खारट लागतेय?" आणि आणखी वाढतात. माझ्या पुतणीच्या साखरपुड्यात दोन्हीकडची मंडळी तोंडाला कुलूप लावून बसलेली पाहून त्यांनी सगळ्यांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येकाने शेजाऱ्याला स्वतःबद्दल काहीतरी सांगावं असं फर्मान काढलं. मुलाचे काका आणि आमचे मामा यांची अशी गट्टी जमली की दोघं जेवायला उठेनात.

खरे हाल भाऊजींचे. भाजीबाजारात बसणाऱ्या निम्म्या बाया ताईंच्या विद्यार्थ्यांच्या आया, म्हणून तिथेही मराठी बंद. ताई मेथीची जुडी उचलून "हाऊ मच?" विचारायच्या, भाऊजी "कशी दिली?" म्हणायचे, उत्तराचं इंग्रजी करून ताईंना सांगायचे, आणि ताईंचं "टू मच!" पुन्हा मराठीत आणून द्यायचे. वैष्णवी नावाची ताईंची एक विद्यार्थिनी, तिची आई एकदा मेथी देता देता कळवळून भाऊजींना म्हणाली, "साहेब, बाईंना मराठी येत नाय, घरात तुमचं लय अवघड होत आसंल."

"होतं," भाऊजी म्हणाले. त्यात अभिनय नव्हता.

पालकसभेत पोरंच दुभाषी. एका मुलाचे वडील रागारागाने म्हणाले, "मॅडम, हा घरी पुस्तकाला हात लावत नाय, दिवसभर मोबाईल!" मुलाने गंभीरपणे भाषांतर केलं, "मॅडम, माय फादर इज सेइंग, आय अ‍ॅम व्हेरी गुड बॉय अँड आय स्टडी डेली." सगळं समजलेल्या ताईंनी मान डोलावली आणि वडिलांशी हात मिळवून त्यांचं अभिनंदन केलं. घरी येऊन मला म्हणाल्या, "खोटं बोलला मेला, पण पूर्ण वाक्यात बोलला गं!" त्यांना इतकं खूश मी क्वचितच पाहिलंय.

आणि मग एका दुपारी शाळेच्या व्हरांड्यात पाण्यावरून ताईंचा पाय घसरला. आठवीचा अख्खा वर्ग समोर उभा, आणि ताईंच्या तोंडून, मराठी राहू द्या, थेट अहिराणी बाहेर पडली. "ओ माय वं! मन्हा पाय मोडना वं माय! कोनी पानी सांडं आठे?"

पाय खरंच मोडला होता. आमच्या इमारतीला लिफ्ट आहे म्हणून प्लास्टर घातल्यावर त्यांना आमच्याकडे आणलं. पायाचं त्यांना काहीच वाटत नव्हतं. भिंतीकडे तोंड करून पडायच्या. "संपलं गं," एवढंच म्हणायच्या. "इतक्या वर्षांचं सगळं गेलं. आता कोण कशाला तोंड उघडेल?" राजीनाम्याची भाषा सुरू झाली. भाऊजींनी समजावलं, मी समजावलं. ताईंनी आमची वाक्यं नीट करून परतसुद्धा दिली नाहीत, तेव्हा मला खरी काळजी वाटली.

रविवारी मुलं आली. चारपाच जणं, हातात घरच्या शेतातली शेवंती. खाटेपाशी रांगेत उभी राहिली. ताईंनी डोळे मिटून घेतले.

"मॅडम, हाऊ इज युवर लेग?" वैष्णवीने विचारलं.

ताईंनी डोळे आणखी घट्ट मिटले. मग पालकसभेतला तो भाषांतरकार पुढे झाला आणि तितक्याच गंभीरपणे म्हणाला, "मॅडम, दॅट डे यू स्पोक इन केरला लँग्वेज. वुई डिड नॉट अंडरस्टँड एनीथिंग."

ताईंनी एक डोळा उघडला. "नथिंग?"

"नथिंग, मॅडम," सगळी एका सुरात म्हणाली.

वैष्णवी चहाचे रिकामे कप द्यायला स्वयंपाकघरात आली, तेव्हा मी हळूच विचारलं, "खरंच काही कळलं नाही गं?"

"काकू, आम्हाला पाचवीपासून माहितीये," ती म्हणाली. "माझी आजी नामपूरचीच. मॅडमचं माहेर तिच्या गल्लीत आहे."

"अगं बाई! आणि तुझी आई बाजारात भाऊजींची कीव करते ती?"

"आईनेच सांगितलंय, मॅडमसमोर ब्र काढायचा नाही. आम्ही बोललो असतो तर मॅडम मराठीत बोलायला लागल्या असत्या ना. मग इंग्लिश कोणाशी बोलायचं? घरी आहे का कोणी?" मग माझा हात धरून म्हणाली, "तुम्ही सांगू नका हं, काकू."

मुलं गेल्यावर मी बाहेर येऊन पाहिलं, तर ताई उठून बसल्या होत्या. शेवंती मांडीवर. डोळे भरून आले होते. "भोळी आहेत गं पोरं," त्या म्हणाल्या. "वाचले मी."

"फार भोळी," मी म्हटलं, आणि पदराने माझेच डोळे पुसले.

ताई आता निवृत्त झाल्यात. वैष्णवी कॉलेजात जाते. भाऊजींच्या गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून बाजारात ताईंच्या बरोबर मी असते, पण दुभाष्याचं काम माझ्याकडे आलेलं नाही. रविवारी वैष्णवी आईच्या शेजारी बसते, आणि आईचं मराठी मॅडमना, मॅडमचं इंग्रजी आईला सांगते. तिचं इंग्रजी आता झोकात चालतं, क्वचित एखादा शब्द अडतो. अडला की ताई जुडी हातात धरून थांबतात, आईही तराजू धरून थांबते. तिघींनाही मराठी येतं. मेथी घ्यायला आम्हाला अर्धा तास लागतो, आणि कोणालाच घाई नसते.