विंचूवाल्याकडचे पोहे

आणीबाणी उठली त्या वर्षी मी नाशकात विजेचे मीटर वाचत फिरायचो. पंचवटीतला एक माणूस घरात विंचवांची पैदास करायचा. मीटरखाली काचेच्या बरण्या होत्या आणि प्रत्येकीत एकच विंचू. नर-मादी एकत्र सोडण्याआधी तो दोघांनाही चिमट्याने झुरळं भरवायचा.

"पोट भरलेलं असलं की एकमेकांना खात नाहीत," तो म्हणायचा.

मलाही आत घेण्याआधी तो दारातच पोहे द्यायचा आणि शेवटचा घास गिळेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहायचा. मला ते अगत्य वाटायचं.

एकदा त्याने दार उघडलंच नाही. आतून नेहमीसारखाच शांत आवाज आला.

"साहेब, आज आत येऊ नका. मी कालपासून जेवलेलो नाही."