पिल्लाचं पोट आणि वाटीभर दूध

लग्न होऊन मी कुरुंद्याला आले त्याला दुसरं वर्ष लागलं होतं. दूर कुठेतरी मोठी लढाई पेटली होती आणि तिच्यामुळे आमच्याकडे साबण दिसेनासा झाला होता, एवढंच मला तिच्याबद्दल ठाऊक. साबणाचं मुद्दाम सांगते, कारण त्याच वर्षी मामांनी मांजराचं पिल्लू घरी आणलं.

मामा म्हणजे माझे सासरे. हळद शिजवायला शेतात कढई लावली होती, तिथल्या पाल्याच्या ढिगात त्यांना ते सापडलं. आई कुठे गेली कोण जाणे. करड्या अंगाचं, पांढऱ्या पायांचं, मुठीत मावेल एवढं. धोतराच्या सोग्यात गुंडाळून ते घेऊन आले आणि आत्याला म्हणाले, "उंदरानं कणग्या पोखरल्यात. हे कामाला येईल." आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. मामांनी पोटच्या लेकरांना कधी मांडीवर घेतलं नाही, असं आत्याच सांगायच्या. तोच माणूस ओसरीवर बसला, म्हशीच्या घट्ट दुधात बोट बुडवून त्या पिल्लाला चाटवू लागला, आणि आम्ही दोघी दाराआडून बघत राहिलो.

दुसऱ्याच दिवशी पिल्लाला हगवण लागली. पहिल्यांदा ओसरीच्या कोपऱ्यात, मग उंबऱ्यावर, मग माझ्या पांघरायच्या गोधडीवर. जिथे दिसेल तिथे मी राख टाकायची, खापरीने भरून उकिरड्यावर नेऊन टाकायची आणि जागा सारवून घ्यायची. सारवण वाळतं न वाळतं तोच दुसऱ्या कोपऱ्यात वास सुटायचा. गोधडी रिठ्याच्या पाण्यात घालून आपटली तरी वास जाईना. पिल्लाचं मागचं अंग लडबडलेलं असायचं. कोमट पाण्यात चिंधी बुडवून ते पुसायला गेलं की ते कोवळी नखं माझ्या मनगटात रुतवायचं आणि एवढ्या जोराने ओरडायचं की मामा ओसरीवरून खाकरायचे. सुनेने हात हळू चालवावा, असा त्या खाकरण्याचा अर्थ.

मला त्या पिल्लाचा राग होता असं नाही. धुऊन झालं की ते थरथरत माझ्याच ओच्यात शिरायचं. राग यायचा तो बाकीच्यांचा. आमच्या मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "मांजर बापानं आणलेलं, मी काय बोलू?" आणि औत घेऊन शेताला गेले.

उपाय मात्र सगळ्यांकडे होते. आत्यांनी मीठ-मोहऱ्या घेऊन पिल्लाची दृष्ट काढली. मग जायफळ उगाळून चाटवलं. ते चाटून पिल्लू दिवसभर झोपलं आणि उठल्याबरोबर व्हायचं ते झालंच. शेजारी बांगड्या भरणाऱ्या मनियाराचं घर होतं. तिथल्या खालाने, म्हणजे मावशीने, भिंतीवरून डाळिंबाच्या साली दिल्या, म्हणाली, "उबाल के पिला दे, बेटी. मेरे बच्चों को इसीच से आराम पडता." मी साली उकळून ते कडू पाणी पाजलं. पिल्लाने ते माझ्याच लुगड्यावर ओकून टाकलं.

मामांचा उपाय एकच होता. पिल्लू झिजून चाललंय, हाडं लागून राहिलीत, तेव्हा त्याला दूध वाढवा. आधी बोटभर होतं त्याचं वाटीभर झालं. वाटीभर दूध पोटात गेलं की पोट आणखी बिघडायचं, पोट बिघडलं की पिल्लू आणखी झिजायचं, आणि मामा आत्याला सांगायचे, "उद्यापून सायीसकट द्या."

मधे हळद घेऊन मामा वसमतच्या बाजाराला गेले. गाड्यांची रांग लागली होती म्हणून तिकडेच मुक्काम पडला. दूध मागून घेऊन वाटी भरून ओसरीवर ठेवायचं काम एरवी तेच करायचे. ते नाहीत म्हटल्यावर मी पिल्लाला भाताची पेज आणि वरणाच्या पाण्यात कुस्करलेली भाकर घातली. नाक मुरडून का होईना, त्याने खाल्लं. दुसऱ्या दिवशी राखेची टोपली तशीच भरलेली राहिली. मला खरं वाटेना. मी कोपरे हुंगत फिरले. कुठेच काही नव्हतं.

मामा परतले, पागोटं काढायच्या आधी दूध मागितलं आणि वाटी भरली. संध्याकाळी मी पुन्हा खापरी घेऊन वाकलेली.

आता मला नक्की कळलं होतं, पण सांगायचं कसं? सुनेने सासऱ्याशी बोलायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. काही असेल ते आत्याला सांगायचं, आत्या त्यांना सांगणार. ते ओसरीवर, आम्ही माजघरात, मधे नुसता एक उंबरा, तरी हेच. मी आत्यांना म्हटलं, "आत्या, त्याला दूध सोसत न्हाई."

आत्यांनी उंबऱ्याशी जाऊन सांगितलं, "पोरगी म्हणून राहिली, मांजराला दूध सोसत न्हाई."

"मांजराला?" मामा हसायला लागले. "अन् मग वाघाला मटण सोसत नसंल! तिला म्हणावं, आमी जल्मभर ढोरं राखली."

खालाला विचारलं तर तीही हसली. मांजराला दूध सोसत नाही म्हणणारी मी गावात एकटीच.

त्यातच हळदीची दुसरी खेप वाळत घातलेली. शिजवलेली हळद अंगणभर पसरून होती आणि मी तिला हात घालून वरखाली करत होते. हळदीचा रंग आणि पिल्लाच्या पोटातून येणाऱ्याचा रंग एकसारखाच. माझा हात नको तिथे पडला तेव्हा मला कळलं. मग काय, मी आणि आत्या उन्हात बसून एकेक गड्डा उचलून हुंगत बसलो. घाण झालेला बाजूला, चांगला टोपल्यात. डोक्यावर ऊन, नाकाला पदर, आणि पिल्लू आमच्यासमोर सावलीला बसून अंग चाटतंय. तेवढ्यात मामा हातात वाटी घेऊन घरातून आले आणि त्याला चुचकारू लागले.

माझं डोकं फिरलं. पदर डोक्यावर होता की नव्हता तेही आठवत नाही. मी उभी राहिले आणि थेट त्यांनाच म्हटलं, "मामा, दूध देऊ नका त्याला. अन् द्यायचंच असंल तर त्याचं तुमीच निस्तरा. मी आता हात लावणार न्हाई."

आत्यांच्या हातातला गड्डा खाली पडला. मामांनी वाटी ओट्यावर ठेवली, माझ्याकडे न बघता चपला घातल्या आणि निघून गेले. दुपारी जेवायला आले नाहीत. रात्री आले, जेवले. आत्या मला म्हणाल्या, "काहून बोललीस गं? आता तुला माहेरी धाडून देतील."

गंमत अशी की मला माहेरी जायचंच होतं. माझं माहेर सेनगावकडचं. भावाचं लगीन ठरलं होतं आणि चार-सहा दिवसांनी धाकटा भाऊ गाडी घेऊन न्यायला आलाच. तोवर दुधाची वाटी चालूच होती आणि शेवटी निस्तरत मीच होते, कारण वास काही रिवाज पाळत नाही. गाडीत बसताना पिल्लू माझ्या पायात घोटाळलं. त्याच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या. परत येईन तेव्हा हे नसणार, असं मी मनाशी धरूनच गेले. लग्नाच्या धामधुमीतही मला मधूनच त्याची आठवण यायची आणि मग सगळ्यांचाच संताप यायचा.

वैशाखात परत आले. ओसरीवर एक गुबगुबीत मांजर पसरलं होतं. मला वाटलं, शेजारचं असेल. पाय पांढरे दिसले तेव्हा ओळखलं. केस कसे तुळतुळीत. अंगण, उंबरा, कोपरे, सगळं कोरडं.

"आत्या, हे काय?"

आत्यांनी मला चुलीपाशी ओढलं आणि हळूच सांगितलं, "तू गेलीस अन् माझी कंबर धरली."

"अगं बाई! मग?"

"मग काय! मला वाकताच येईना. यांनी दुपारपर्यंत वाट पायली. मग स्वतः राख आणली, खापरी आणली. नाकाला रुमाल बांधून निस्तरून राहिले होते. दोन-तीन रोज केलं अन् वाटी पालथी घातली. तवापून पेज देतात, स्वतःच्या हातानं."

"अन् कंबर?"

"कंबर धरलीच न्हवती," आत्या म्हणाल्या आणि पदरात तोंड घालून हसल्या.

मीही हसले, पण ते हसू फार टिकलं नाही. त्याच दिवशी मामांचे एक सोयरे आले. मांजर मामांच्या मांडीवर बसलेलं. पाहुण्यांनी विचारलं, "दूध पाजत असाल चांगलं?"

"दूध?" मामा म्हणाले. "दूध विष हाय मांजराला. लोकाला म्हायती न्हाई. मी बराबर ध्यान ठेवलं, दूध तोडलं, तवा हे वाचलं. पेज द्यावी, वरणाचं पाणी द्यावं. तुमच्या घरी सांगा."

पाहुणे मान डोलावत राहिले. मी आत तांब्या भरत होते. तांब्या घंगाळात असा आपटला की पाणी भिंतीवर उडालं. आत्या डोळ्यांनी मला गप्प राहा म्हणत होत्या. पुढे कितीतरी दिवस मामा गावात ज्याच्या त्याच्या घरी मांजरांना दूध तोडायला सांगत फिरले, आणि लोक त्यांना विचारायलाही येऊ लागले. माझं नाव त्यात कधीच निघालं नाही.

त्या दिवशी पाहुणे गेल्यावर मामा उंबऱ्यापाशी आले. आत्या मागच्या दारी होत्या. मामा खाकरले आणि पहिल्यांदाच थेट मला म्हणाले, "सूनबाई, पेज थोडी पातळ कर. घट्ट असली तर टाकून देतं ते."

मी "व्हय" म्हटलं आणि पेजेत पाणी ओतलं.