पंपाचं रक्त

आधी हातातला चहा खाली ठेवा, मग सांगते. माझ्या इंग्रजीनं एकदा अख्ख्या आळीची धावपळ उडवली होती. आणि मी तर बी.ए.ला इंग्रजीच घेतलेलं!

आमचे बाबा अमरावतीत वकील. साठ सालच्या आसपास त्यांनी मायदेशी परत निघालेल्या एका साहेबाची जुनी मोटार घेतली. मोटार कसली, उंट होता तो! तिला धक्के झेलणाऱ्या कमानी नव्हत्याच, तेलाच्या दाबावर उभी राहायची. बंद केली की हळूहळू पोटावर बसायची, सुरू केली की आधी मागून उठायची, मग पुढून. मी दर वेळी दचकायचेच.

एक दिवस ती बसली ती उठेचना.

आणि नेमकी तेव्हाच! माझी थोरली बहीण, अक्का, अकोल्याला सासरी. पहिलटकरीण, सातवा महिना सरत आलेला. तिच्या सासूबाईंनी निरोप धाडला होता, "मोटार आली तर माहेरी पाठवू. बसचे धक्के नकोत, रेल्वेची गर्दी नको. आणि आठवा लागला की मुळीच नाही." आठवा लागायला उरले आठ दिवस! आई देवापुढं बसली, आणि बाबा सोनोने मिस्त्रींपुढं.

काय माणूस होता हो! राजापेठेत कडुलिंबाखाली काम करायचा. शाळा चौथीपर्यंत, पण मोटारीचं दुखणं नुसत्या आवाजावरून ओळखायचा.

"वकीलसाहेब, एकच पंप गाडी बी उचलते अन् स्टेरिंग बी हलकं करते. दोन बायकांचा दादला हाये तो. थकला!"

मिस्त्री आमच्या अंगणातच कामाला लागले, ते सहा दिवस. तेलाचं सगळं झेंगट उपटून त्यांनी खाली कमानींचे पोलादी पाटे घातले. मोडीत निघालेल्या दुसऱ्या मोटारीचा, नुसतं स्टेअरिंग सांभाळणारा पंप आणला. तो बसवायला जागाच नव्हती, तर लोखंडाची पट्टी तापवून, ठोकून नवी बैठक घडवली. पंपाचा पट्टा सरळ चालावा म्हणून आईच्या शिवणाचा दोरा ताणून पाहिला. केसाएवढा फरक निघाला, तर पुन्हा सगळं सोडलं! मी आपली थक्क होऊन पाहत राहिले.

"ताई," गाडीखालून आवाज आला, "तेल भरल्यावर काय कराचं म्हणते, पाहा बरं तुमच्या इंग्रजी पुस्तकात."

झालं! माझी विद्वत्ता कामाला आली. गाडीचं पुस्तक उघडून मी खड्या आवाजात वाचलं, "ब्लीड..." आणि पुढचं वाचायचंच सोडलं. ब्लीड? आमच्या अभ्यासाच्या कवितांत काळजं ब्लीड व्हायची! ही नक्की धोक्याची सूचना असणार. "मिस्त्री, हात काढा!" म्हणत खाली वाकून बघते, तर त्यांचा हात कोपरापर्यंत लालभडक!

"रक्त! अगं आई गं, रक्त जातंय!"

आई स्वयंपाकघरात. तिच्या डोक्यात फक्त अक्का. तिला वाटलं, अकोल्याहून तारच आली! हातातलं ताकाचं भांडं तिथंच पडलं. "अक्काला रक्त जातंय हो!" म्हणत तिनं कुंपणावरून शेजारच्या डॉक्टरीणबाईंना हाक मारली. त्या बॅग घेऊन धावत आल्या, त्यांच्यामागे सगळी आळी.

"पेशंट कुठाय?"

मी रडत बोट दाखवलं, "गाडीखाली!"

"गाडीखाली? कितवा महिना?"

"सातवा!" आईनं हुंदका दिला. "परवा आठवा लागतो हो!"

दोघा शेजाऱ्यांनी पाय धरून पेशंटला बाहेर ओढलं. निघाले सोनोने मिस्त्री! डॉक्टरीणबाईंनी त्यांचा हात पुसला, बोटाचा वास घेतला.

"अहो, हे तर तेल आहे!"

"मंग दुसरं काय राहीन?" मिस्त्री भांबावले. "या पंपाचं तेल लालच येते. पण मले काहून ओढून राहिले तुमी?"

बाबांनी पुस्तक माझ्या हातून घेऊन ती ओळ वाचून दाखवली. मिस्त्री लगेच म्हणाले, "हवा काढा म्हणते ते. रक्त नाई."

आता मात्र चुकायचं नाही, असा मी निश्चय केला. पुस्तक परत घेतलं. पुढं लिहिलं होतं, स्टेअरिंग 'लॉक टु लॉक' फिरवा. मी धावत आत गेले.

बाहेर आले तोवर मिस्त्री गाडीत बसले होते. पंप म्हशीसारखा रेकत होता. "हवा बोलून राहिली," ते म्हणाले, आणि डोळे मिटून चाक डावीकडे टोकापर्यंत, उजवीकडे टोकापर्यंत फिरवत राहिले. रेकणं कमी झालं, थांबलं. मग एका बोटानं, हो, एका बोटानं त्यांनी त्या धुडाचं तोंड वळवलं! पुस्तकात सांगितलं होतं अगदी तेच, आणि एक अक्षर न वाचता!

आणि मी? मी शेजारी दोन कुलपं घेऊन उभी.

"हे काय?" बाबांनी विचारलं.

"लॉक... टु लॉक."

"एक त्या पुस्तकाले लाव," आई म्हणाली, "अन् दुसरं तुझ्या तोंडाले!"

दुसऱ्या दिवशी बाबा आणि मिस्त्री अकोल्याला गेले. मला कुणी चल म्हटलं नाही. दिवेलागणीला मोटार दारात आली, तेव्हा मागच्या सीटवर अक्का गाढ झोपलेली! वाटेतल्या मूर्तिजापूरच्या खड्ड्यांतूनसुद्धा तिला जाग आली नव्हती. आईनं मिस्त्रींना हात जोडले, तर तेच लाजले.

अक्का डोळे चोळत उतरली. "तू का गं नाही आलीस मला घ्यायला?"

मी घाईघाईनं तिची पिशवी उचलली. उत्तर मिस्त्रींनीच दिलं, अगदी अदबीनं.

"मीच नाई म्हटलं जी. रस्त्यानं जिकडं तिकडं इंग्रजी पाट्या हायेत."