दुखणे जिभेचे, तेल कानात

सन १३५४ फसलीचा बहमन महिना, म्हणजे इंग्रजी १९४४ चा डिसेंबर. दादांचा डावा कान बरा करण्याचे पाच रुपये हाली, म्हणजे निजामाच्या नाण्यातले, ठरले, त्यातले दोन आगाऊ दिले. हजर आम्ही चौघे: माझे थोरले भाऊ, म्हणजे दादा, वहिनी, मी, आणि लोहाऱ्याच्या बाजारात बसणारा वैदू.

वैदूने काडीने मळ काढला, कोमट तेल सोडले आणि म्हणाला, "आतली शीर तापलीया. एकवीस दिस तेल सोडा."

मी पंचांगाच्या मागच्या पानावर रोज एक रेघ मारू लागलो. अकरा रेघा झाल्या तरी ठणका तसाच. कानाला सूज नव्हती, पू नव्हता. दादा कानाला फडकं बांधून बसत, बोलत कमी. ऐकू येत नसेल, असे मी धरून चाललो. डाव्या गालात चुना लावलेली तंबाखू मात्र कायम असे. "ती धरली की जरा बधिर होतंय," म्हणत.

बाराव्या दिवशी वहिनी चुलीपासून उठून माझ्यापाशी आल्या. "भावजी, तुमी रेघा मोजायलाव. म्या भाकरी मोजायले. दसऱ्याला तीन खात हुते, मग दोन, आता दुधात कुसकरून अर्धी. कान दुखणाऱ्या माणसाच्या डोळ्याला तिखट कोरड्यासाच्या पहिल्या घासाला पाणी का यावं?"

धाकट्याने थोरल्याला तोंड उघडायला सांगावे, अशी आमच्याकडे रीत नाही. तरी गेलो.

"दादा, जीभ दाखवा."

"म्या काय बैल हाय का, दात बघून इकत घ्याया?" ते हसले, आणि हसता हसता जबडा धरून खाली बसले. मग मुकाट्याने तोंड उघडले.

जिभेच्या डाव्या काठावर, तंबाखू धरायच्या जागेला लागून, चवलीच्या नाण्याएवढा व्रण होता. कडा उचललेल्या, मधे राखाडी.

"हे कधीपासनं?"

"दसऱ्याच्या आदीपासनं. पर दुखत नव्हतं की! दुखत न्हाय ते कशाला सांगू?"

तीन महिने झाले होते. यात दादांची एकट्याची चूक नव्हती. उन्हाळ्यात आमच्या घरात सगळ्यांचे तोंड येते. त्या पांढऱ्या फोडाने पाणीसुद्धा झोंबते, जाईचा पाला चघळतो, आठ दिवसांत फोड जातो. जितके दुखेल तितके दुखणे मोठे, असाच आमचा सगळ्यांचा हिशेब होता.

तिसऱ्या दिवशी मोटारीने सोलापूरचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी व्रणावर बोट दाबले तेव्हा दादांनी टेबलाची कड पकडली.

मी विचारले, "कानाचं काय?"

"कान चांगला आहे. त्यात तेल ओतणं बंद करा."

मला ते पटेना. ते समजावून बोलले आणि मी लक्ष देऊन ऐकले. तोंड येते तेव्हा वरची पातळ साल जाते, खालच्या मज्जातंतूंची टोके उघडी पडतात. मीठ-तिखट थेट त्यांनाच लागते, म्हणून माणूस पहिल्याच दिवशी ओरडतो. ही मात्र मांसाची भलती वाढ. ती आधी गपचूप पसरते. पुढे तिच्यातून पाझरणाऱ्या रसाने टोके हळवी होतात, आणि शेवटी ती तंतूंतच घुसते. मग ठणका सुरू होतो.

"जिभेचा तंतू आणि कानाजवळचा तंतू वर जाऊन एकाच खोडाला मिळतात," ते म्हणाले. "हाक कुठल्या फांदीवरून आली, ते मेंदूला उमगत नाही."

"मग आता?"

"आता गळा बघतो. तिथं कडक गाठ लागली तर मी शस्त्र धरणार नाही, काही उपयोग नाही. नाही लागली तर जिभेचा डावा काठ काढू."

त्यांची बोटे हनुवटीखालून निघाली, जबड्याच्या काठाने कानापर्यंत गेली, मग मानेवरून खाली उतरली. डावीकडे एका जागी थांबली. मागे आली. पुन्हा तिथेच थांबली. वहिनी दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. दादा माझ्याकडे बघत होते आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हते. त्या खोलीत किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मोजायचे सुचले नाही, असे माझ्या आयुष्यात तेवढेच एकदा झाले.

"ही शीर उडतेय. गाठ नाही."

वहिनी खालीच बसल्या. दादांनी डॉक्टरांना विचारले, "जीभ कापल्यावर बैलास्नी हाक कशी मारू?"

"बोबडी माराल. बैलांना कळेल."

मंगळवारी शस्त्रक्रिया झाली. औषधाची गुंगी उतरल्यावर दादांनी आधी कानाला हात लावला. मग बोटाने 'नाही, नाही' केले. कानातला ठणका गेला होता. सव्वीस दिवस नाकातून नळीने दूध आणि पेज चालली. चौदाव्या दिवशी पहिला शब्द निघाला, तो वहिनींना उद्देशून होता, आणि तो वहिनींनाच कळला. त्या लाजल्या, आम्हाला काही सांगितले नाही.

निघताना डॉक्टरांना साठ रुपये कलदार, म्हणजे इंग्रजी नाण्यातले, दिले. आमच्या हालीत ते सत्तर झाले. जखम धुणाऱ्या कंपाउंडरला दोन कलदार दादांनी स्वतःच्या हाताने दिले. तो घेईना, तेव्हा त्याच्या खिशात घातले.