जफरचाचांचा उलटतपास

उत्तमसिंग आडे वकिलांबद्दल वाईट बोलणारा माणूस आमच्या तालुक्याच्या वकील संघात शोधूनही सापडणार नाही. मी भांडखोर म्हणून नाव कमावलेला वकील, पण एकोणतीस वर्षांत माझंही त्यांच्याशी कधी वाजलं नाही. वाजायला समोरून काहीतरी यावं लागतं आणि उत्तमसिंगजींकडून काही यायचंच नाही. समोरच्या वकिलाने मुदतीचा अर्ज पुढे केला, की ते खिशातलं पेन काढत, अर्जाच्या कोपऱ्यात 'हरकत नाही' लिहीत आणि खाली सही करत. मुदत कशासाठी हवी ते वाचतसुद्धा नसत.

"वाचून काय करू?" म्हणायचे. "मागून राह्यला तं गरज असंनच न त्याले."

ही सवय त्यांना कशी लागली ते मला ठाऊक आहे. ते महागावकडच्या एका तांड्यावरचे. आई जमनी दिवाळी झाली की ऊसतोडीला जायची आणि हा मुलगा आश्रमशाळेत राहायचा. तांड्यावरचा पहिला वकील म्हणून काळा कोट घालून आला तेव्हा आमच्या बार रूममध्ये चौदा खुर्च्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीला मालक होता. पहिली तीन वर्षं ते खिडकीच्या कट्ट्यावर बसले. कुणी 'बसू नका' म्हटलं नाही, कुणी 'बसा' म्हणून सरकलंही नाही. मीही सरकलो नव्हतो, हे कबूल करून टाकतो. मग एकदा डेहणकर वकील तापाने फणफणले असताना त्यांना मुदत हवी होती. उत्तमसिंगजींचा पक्षकार मुदतीला मुळीच तयार नव्हता, तरी त्यांनी 'हरकत नाही' लिहून दिलं. पुढच्या सोमवारी डेहणकरांनी स्वतः एक खुर्ची ओढून आपल्या शेजारी ठेवली आणि म्हणाले, "या आडेसाहेब, कायले तिकडे उन्हात बसता?"

तेव्हापासून ते बारचे झाले. पुढे त्यांच्या बायकोचं नागपूरला पोटाचं ऑपरेशन झालं, तेव्हा डेहणकरांनी दोन महिने त्यांच्या एकाही प्रकरणात पाऊल पुढे टाकलं नाही. आमच्यात हे असंच चालतं. आज तुमचं अडलं, उद्या माझं अडणार. पक्षकार बाहेरच्या बाकावर शेंगदाणे खात बसलेला असतो, त्याला संध्याकाळी पुढची तारीख सांगायची.

आता विमलताईंचं सांगतो. आमच्या गावापासून अठरा किलोमीटरवर, घाटंजीच्या रस्त्याला, एका खेड्यात त्यांची पिठाची चक्की आहे. घर आणि पुढच्या खोलीतली चक्की मुळात मारोतराव नावाच्या माणसाची. मारोतराव म्हणजे विमलताईंच्या मावशीचे यजमान. त्यांना मूलबाळ नव्हतं. नवऱ्याने टाकलेली विमलताई सत्ताविसाव्या वर्षी मावशीकडे आली. मावशी गेली, मग मारोतरावांचं उजवं अंग लुळं पडलं, आणि अकरा वर्षं या बाईने चक्की चालवून त्यांचं सगळं केलं. अंघोळ, खाणं, रात्रीचं उठणं, सगळं. त्या अकरा वर्षांत मारोतरावांच्या भावाची दोन्ही मुलं दिवाळीला फराळ करून जात.

मारोतरावांनी मृत्युपत्र करून घर आणि चक्की विमलताईंच्या नावे लिहिली. उजवा हात चालत नव्हता म्हणून डावा अंगठा दिला. दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या. एक मृत्युपत्र लिहून देणारे मास्तर, ते कोरोनात गेले. दुसरे समोरच्या दुकानातले जफर टेलर, ज्यांना सगळं गाव जफरचाचा म्हणायचं. पुढे मारोतराव वारले आणि वर्षश्राद्ध व्हायच्या आत पुतण्यांनी कब्जाचा दावा लावला. अंगठा मेल्यावर उठवून घेतला, असं त्यांचं म्हणणं. विमलताई रक्ताच्या वारस नव्हत्या. मृत्युपत्र टिकलं तर घर त्यांचं, नाही टिकलं तर रस्ता. पुतण्यांनी डेहणकर लावले आणि विमलताई उत्तमसिंगजींकडे आल्या.

मृत्युपत्र खरं ठरवायचं असेल आणि त्यावरचा साक्षीदार जिवंत असेल, तर निदान एकाने तरी कोर्टात येऊन बोललंच पाहिजे, असा कायदा आहे. म्हणजे सगळी भिस्त त्र्याऐंशी वर्षांच्या, दम्याच्या जफरचाचांवर होती. उत्तमसिंगजींनी त्यांचा सरतपास, म्हणजे आपल्या बाजूचं सांगणं, प्रतिज्ञापत्रावर लिहून काढला आणि मला वाचायला दिला. मारोतरावांनी माझ्यासमोर अंगठा दिला, हे सगळेच लिहितात. मी मारोतरावांच्या डोळ्यांदेखत सही केली, हे दुसरं वाक्य निम्मे वकील विसरतात आणि तेवढ्यावर मृत्युपत्र पडतं. माझ्या हातून एक असंच पडलेलं आहे, म्हणून मी आधी ते वाक्य शोधलं. ते होतं. कागदात बोट ठेवायला जागा नव्हती. चाचांनी पिंजऱ्यात उभं राहून प्रतिज्ञापत्रावरची सही ओळखली, मृत्युपत्राला निशाणी क्रमांक पडला, म्हणजे ते पुराव्यात दाखल झालं. आता फक्त डेहणकरांनी उलटतपास घ्यायचा बाकी होता.

पहिल्या तारखेला डेहणकरांच्या पुतणीचं लग्न होतं. दुसऱ्या तारखेला त्यांनी फाईलच आणली नव्हती. तिसऱ्याला त्यांचा गुडघा सुजला होता, आणि तो खरंच सुजला होता, मी पाहिला. तिन्ही वेळा उत्तमसिंगजींनी 'हरकत नाही' लिहून दिलं. तिन्ही वेळा चाचांचा मुलगा तारिक आपलं मोटारसायकलचं गॅरेज बंद ठेवून बापाला ऑटोत घालून घेऊन आला होता. चाचा बाकावर बसून खिशातला पंप तोंडाशी धरायचे आणि शिपायाच्या पुकाऱ्याकडे कान लावायचे.

तिसऱ्या तारखेनंतर मी उत्तमसिंगजींना बाजूला घेतलं. "कमिशनचा अर्ज द्या," म्हटलं. "म्हाताऱ्याच्या घरी कमिशनर जाईल, तिथेच उलटतपास नोंदवेल. तो धापा टाकत बसलेला दिसत नाही का तुम्हाला?"

"डेहणकर सायबाले वाटंन, माह्यावर भरोसा नाही," ते म्हणाले. "पुढच्या तारखेले करतोच म्हनलं त्याईनं."

मी चिडलो. पण लोकांच्या प्रकरणात किती चिडायचं, म्हणून गप्प बसलो.

चौथी तारीख जूनच्या बारा तारखेला होती. डेहणकरांचा ज्युनिअर अर्ज घेऊन उभा राहिला. साहेब नागपूरला हायकोर्टात आहेत, मुदत द्यावी. खुर्चीवर नव्याने बदलून आलेल्या तरुण न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी अर्ज वाचला, मागच्या तारखांच्या नोंदींचा रोजनामा चाळला, मग चष्म्यावरून चाचांकडे पाहिलं.

"तीन मुदती झाल्या आहेत," त्या म्हणाल्या. "साक्षीदार वयस्कर आहेत आणि हजर आहेत. आडेसाहेब, तुम्ही हरकत घेतलीत तर मी हा अर्ज फेटाळते आणि 'उलटतपास नाही' असा हुकूम करते. तुमचं म्हणणं लिहा."

याचा अर्थ वकिलीत चार दिवस काढलेल्या पोरालाही कळतो. तसा हुकूम झाला असता तर चाचांचं सांगणं जसंच्या तसं पुराव्यात राहिलं असतं. मग डेहणकरांनी वरच्या कोर्टात जाऊन काय करायचं ते केलं असतं. कोर्टाने ताट वाढून पुढे ठेवलं होतं.

मी त्यांच्या बरोब्बर मागे, पक्षकारांच्या बाकाशेजारी उभा होतो. 'घ्या हरकत' एवढे दोन शब्द मी म्हणायला हवे होते. म्हणालो नाही. दुपारच्या एका दाव्यात मलाच मुदत हवी होती आणि त्यात समोर उत्तमसिंगजी होते.

त्यांनी पेन काढलं. क्षणभर ते अर्जाकडे बघत राहिले, एवढं मात्र मी पाहिलं. मग नेहमीच्या जागी नेहमीचं लिहून सही केली. न्यायाधीश बाईंनी खांदे उडवले आणि पाचशे रुपये कॉस्टवर, म्हणजे समोरच्या बाजूला द्यायच्या भरपाईवर, मुदत दिली. ज्युनिअरने तिथल्या तिथे नोट काढली, उत्तमसिंगजींनी ती घेतली आणि मागे विमलताईंच्या हातात दिली. कॉस्ट घेतली की त्या मुदतीबद्दल पुढे तक्रार करायला तोंड राहत नाही, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. विमलताईंना कुठून माहीत असणार? त्यांनी नोट तारिककडे दिली, ऑटोच्या भाड्याला.

जिन्यावर चाचा उत्तमसिंगजींना म्हणाले, "वकीलसाब, आज निपट जाता तो अच्छा था. मेरे को एकच बात बोलनी है. मारोतरावने मेरे सामने अंगूठा दिया. पाँच मिनट का काम है."

"आठ जुलैले नक्की, चाचा," उत्तमसिंगजी म्हणाले.

चाचा सत्तावीस जूनला पहाटे गेले. दफनाला डेहणकर आले होते, मातीही दिली, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. त्यांना मी ढोंगी म्हणणार नाही. पण युक्तिवादाला उभे राहिले तेव्हा त्यांनी जे म्हणायचं तेच म्हटलं. ज्या साक्षीदाराचा उलटतपास झाला नाही, त्याचं सांगणं पुराव्यात वाचता येत नाही. पक्षकाराचं काम होतं आणि कायदा त्यांच्या बाजूने होता.

उत्तमसिंगजींनी मग हातपाय मारले. साक्षीदार हयात नसेल तर त्याची सही आणि मृत्युपत्र करणाऱ्याची सही, दोन्ही कुणीतरी ओळखून द्यावी लागतात. तारिकला पिंजऱ्यात उभं केलं. मृत्युपत्रावरची सही अब्बांचीच आहे, असं त्याने सांगितलं. डेहणकरांनी एकच प्रश्न विचारला, "ही सही झाली तेव्हा तुम्ही तिथे होता?" तारिक म्हणाला, "नाही." डेहणकर खाली बसले. मारोतरावांची सही असती तर ती ओळखणारा कुणी आणता आला असता. पण तिथे अंगठा होता, आणि ताडून बघायला त्यांचा दुसरा कबूल अंगठा कुठल्या कागदावर मिळाला नाही. मी तर रेशनच्या जुन्या कार्डापर्यंत शोधलं. इतक्या उशिरा शोधून काय होणार होतं?

पुढच्या मार्चमध्ये निकाल लागला. दावा खर्चासह मंजूर. विमलताईंनी साठ दिवसांत घराचा कब्जा द्यावा आणि पुतण्यांचा दाव्याचा खर्चही द्यावा.

त्या संध्याकाळी उत्तमसिंगजींनी मला आपल्या ऑफिसात बोलावून घेतलं. एकट्याने सांगण्याचा धीर होत नसावा. विमलताई समोर बसल्या होत्या, केसांवर पिठाची पांढुरकी साय तशीच होती. उत्तमसिंगजी निकाल वाचून सोप्या शब्दांत सांगत गेले. आठव्या पानावरचं एक वाक्य त्यांना सहज गाळता आलं असतं, तरी त्यांनी ते गाळलं नाही. त्या माणसाबद्दलचा माझा सगळा राग त्या एका गोष्टीने अर्धा झाला. वाक्य असं होतं: 'उलटतपासासाठी मुदत देण्यास प्रतिवादीने हरकत नाही असे लेखी दिले असून कॉस्टही स्वीकारली आहे.'

"प्रतिवादी म्हंजे कोन?" विमलताईंनी विचारलं.

"तुमी."

"मी कवा लिहून देल्लं?"

उत्तमसिंगजींनी कागद टेबलावर ठेवला. "मी लिहून देल्लं," ते म्हणाले. "तुमच्या वतीनं. त्या रोजी मॅडम मले इचारून राह्यल्या होत्या, मुदत द्याची का म्हनून. मी नाही म्हनलं असतं तं चाचाचं सांगनं पक्कं झालं असतं. घर राह्यलं असतं तुमचं. माही चुकी झाली, ताई."

मी मधे काही बोलणार होतो, कोर्टाची रीत, वकिलांचे संबंध, असलं काहीतरी. बरं झालं, बोललो नाही.

विमलताई त्या पानाकडे बघत होत्या. त्यांना वाचता येत होतं, पण त्या वाचत नव्हत्या.

"मी तिथंच बसली होती न, वकीलसाहेब," त्या म्हणाल्या. "तुमच्या मांगच्या बाकड्यावर. तुमी मांग वळून इचारलं असतं तं मी नाही म्हनलं असतं."

मी त्या बाकाच्या शेजारी उभा होतो, हे मी कुणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितो आहे.

मग त्यांनी अपिलाचं सांगितलं. वर काही होईल का, असं विमलताईंनी विचारलं, आणि उत्तमसिंगजी खोटं बोलले नाहीत. चाचा परत येणार नव्हते, लिहून दिलेलं खोडता येणार नव्हतं. अपील करता येईल, स्थगिती मागता येईल, मिळेल असं वाटत नाही, एवढंच ते म्हणाले. मग जरा सावरून म्हणाले, "कब्ज्यासाठी मी कोर्टाले वाढीव मुदत मागतो. चक्की हलवाची, जागा पाहाची, साठ दिवसांत कसं होईन? डेहणकर सायब माह्या शब्दाबाहेर नाहीत."

विमलताई उठल्या. निकालाची नक्कल त्यांनी पिशवीत घातली.

"साठ पुरतात," त्या म्हणाल्या. "माह्यासाठी आता कोनाले मुदत मागू नोका."