डाव्या हाताची वाकळ

जुन्या सुती लुगड्यांना उन्हाचा वास आला, की मला उचगावातली ती दुपार आठवते. नणंदेच्या बाळाचं बारसं दोन दिवसांवर होतं आणि मी पहिल्यांदाच वाकळ, म्हणजे जुन्या लुगड्यांची गोधडी, शिवत होते. मी डावखुरी. सासूबाईंशेजारी बसून त्यांच्यासारखे टाके घालायला जायची आणि कापडाला चुण्या पडायच्या. दोनदा सगळं उसवलं. तिसऱ्यांदा मला रडूच फुटलं. सासूबाईंनी माझ्या हाताकडं नीट बघितलं. "अगं, शेजारी कशाला बसलीयास? म्होरं बस की! आरशात बघितल्यागत माझ्याकडं बघून टाकं घाल." मी वाकळीच्या दुसऱ्या कडेला, त्यांच्या समोर बसले. संध्याकाळी दोघींचे टाके मधोमध येऊन मिळाले, एकही चुणी नव्हती. आता माझ्या शिवणक्लासात नवी मुलगी आली, की मी आधी विचारते, "सुई कुठल्या हातानं धरतीस?"